शिक्का नाही, मग खुर्ची कुणाची?

जुनं लाकूडसामान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. रामबागेतलं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचंय. आजेसासऱ्यांच्या वेळच्या दोन बुटक्या, मागे कललेल्या, वेताने विणलेल्या खुर्च्या आहेत आणि तीन खणांचं एक लिहायचं टेबल. कुठेही कंपनीचं नाव नाही, शिक्का नाही. भाच्याने मोबाइलवर फोटो टाकून शोधलं, तर तशाच दिसणाऱ्या खुर्च्या 'चंदीगढच्या' म्हणून परदेशात लाखो रुपयांना गेल्यात. नणंदबाई म्हणतात, आजोबा होळकरांच्या नोकरीत होते, तेव्हा खुर्च्या होळकरांच्या माणिकबाग महालातल्याच असणार. आणि जुन्या सामानाचा एक दलाल दोन्ही खुर्च्यांचे मिळून ९ हजार देतो म्हणतो, तेही पॉलिश उडालंय असं म्हणत. खरं काय समजायचं? विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, पत्र वाचून राहवलं नाही म्हणून मी फोन करून मंगळवारी सकाळी तुमच्याकडे आलेच. आपण दोघींनी खुर्च्या सतरंजीवर उलट्या घालून पाहिल्या. इतर वाचकांकडेही अशा बिननावाच्या खुर्च्या आहेत, म्हणून काय पाहिलं ते सगळं इथे लिहिते.

सगळ्यात आधी पॉलिशचं. करू नका. कारागिराला सांगून ठेवलं असेल तर आजच नको म्हणून कळवा. मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून ही चूक झालेली आहे. वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता, मी तिथेच शिकले. आपल्याकडच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या तेव्हा एका गिरणीच्या ऑफिसातल्या सहा खुर्च्या मी वजनावर, भंगाराच्या भावात उचलल्या. बैठकीच्या खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात काहीतरी अक्षरं आणि आकडे होते. मला ती घाण वाटली. पॉलिश पेपर घेतला आणि सहाच्या सहा खुर्च्यांवरची अक्षरं दुपारभरात साफ केली. पुढे एका जाणकार गिऱ्हाइकाने विचारलं, "या कुठल्या, कुठल्या खात्यातल्या, काही पुरावा?" पुरावा मीच घासून काढला होता. ती दुपार मी अजून विसरलेले नाही. लाकडाचा रंग परत आणता येतो, खोडलेलं अक्षर परत येत नाही.

आता माणिकबागेचं. इंदुरात जुनी, जरा वेगळी दिसणारी खुर्ची निघाली की ती माणिकबागेतलीच, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मला त्या महालाचा अभिमान आहे, म्हणूनच म्हणते, त्याचं नाव असं स्वस्त करू नये. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून तो बांधून घेतला. आतलं सामान युरोपातल्या त्या वेळच्या पहिल्या फळीतल्या माणसांचं होतं : पॅरिसच्या रूलमान यांचं काम, आयलीन ग्रे यांची 'त्रान्सात' खुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांचे काच आणि धातूचे पलंग. त्यातलं बरंचसं १९८० मध्ये मोनॅकोत सदबीजच्या लिलावात विकलं गेलं. म्हणजे माणिकबागेची ओळख आहे ती धातू, काच, चकचकीत लाखकाम, १९३० च्या दशकाची. तुमच्या खुर्च्या साध्या सागाच्या, वेताच्या, निमुळत्या तिरक्या पायांच्या आहेत. ही घडण त्यानंतरच्या वीसेक वर्षांनी आपल्याकडे रुळली. आजोबा दरबारी नोकरीत होते ही घराण्याची गोष्ट खरीच असेल, पण ती आजोबांची. खुर्चीची नव्हे.

चंदीगढची ओढ याहून मोठी आहे, कारण तिथे पैसा दिसतो. १९५० च्या दशकात चंदीगढचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कोर्बुझिए यांच्याबरोबर त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे चंदीगढला आले आणि १९६५ पर्यंत राहिले. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, अधिकाऱ्यांचे बंगले, सगळ्यांसाठी त्यांच्या देखरेखीखाली सागाचं सामान घडलं. ते एका कारखान्यात झालं नाही, वेगवेगळ्या सुतारांनी केलं, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही फरक सापडतो. पुढे सरकारी कचेऱ्यांनी ते मोडीत काढलं, परदेशी व्यापाऱ्यांनी उचललं आणि लिलावात भाव चढले. त्या सामानावर उत्पादकाचं नाव नसतंच. असतात ते खात्याचे रंगवलेले क्रमांक. आणि तेही आता नकली सामानावर नव्याने रंगवून मिळतात, म्हणून नुसता क्रमांक दिसला तरी हुरळून जायचं कारण नाही. तुमच्या खुर्च्यांचे पाय पाहा. चंदीगढच्या प्रसिद्ध खुर्चीला बाजूने उलट्या 'व्ही'सारखे जाड पाय आणि त्यावर हात टेकलेला असतो. तुमच्यात चारही पाय सुटे, गोलसर आणि खाली निमुळते आहेत. मोबाइलला वेताची बैठक आणि कललेली पाठ एवढंच सारखं दिसलं, त्याने चंदीगढ दाखवलं.

मग आपण खरं काय पाहिलं?

पाहताना मी एकच हिशेब धरते. खुर्चीत मुळापासून असलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात नवी कुठली, ते शोधायचं. खुर्ची त्या वस्तूहून जुनी असू शकत नाही. जुनेपणाची खूण शोधत बसलं की माणूस फसतो, कारण जुनी पद्धत कारागीर वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

सरसाचंच घ्या, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून शिजवलेला जुना गोंद. डावीकडच्या खुर्चीचा मागचा पाय हलतो. त्या सांध्यात मला काचेसारखे ठिसूळ, तपकिरी कण दिसले. गरम पाण्यात बुडवून पिळलेली चिंधी दोन मिनिटं दाबून धरली, तर ते कण चिकट झाले आणि तो उग्र, जनावराच्या कातड्यासारखा वास आला. तो सरस. आमच्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यात, पाण्याच्या भांड्यात ठेवून तो शिजवायचे, सकाळी कारखान्यात पाऊल ठेवलं की आधी तोच वास. फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. मूळ सांध्यात पांढरा गोंद असता तर खुर्ची १९५९ च्या नंतरचीच, हे पक्कं झालं असतं. सरस आहे म्हणून ती १९५९ च्या आधीचीच, असं मात्र म्हणता येत नाही, कारण कित्येक मिस्त्री त्यानंतरही सरसच शिजवत राहिले.

पेचांचं तसंच. तुमच्या खुर्च्यांच्या हातांखाली जे पेच आहेत त्यांच्या डोक्यावर एकच आडवी खाच आहे आणि खाचेच्या कडा पेचकसाने झिजल्यात. एका ठिकाणी मात्र स्टारचा स्क्रू आहे. त्याच्या भोवतीचं लाकूड फिकट, भोक जरा बाजूला. ती नंतरची दुरुस्ती, मूळ वस्तू नव्हे. ती तशीच राहू द्या.

बैठक हाताने विणलेली आहे, हे खालून कळतं. चौकटीत ओळीने भोकं पाडलेली आहेत आणि प्रत्येक भोकातून वेताची पट्टी वर-खाली गेलीय. यंत्रावर विणलेली जाळी असती तर चौकटीत एक लांब खाच आणि त्यात ठोकून बसवलेली पट्टी दिसली असती. पाठीवर हात फिरवायला मी तुम्हाला सांगितलं, आठवतंय? मागच्या बाजूला बोटांना किंचित लाटा लागतात. तो हातरंधा. यंत्राने एकसारखं सपाट होतं.

लाकूड साग आहे, शिसवी नाही. पॉलिशच्या गडद रंगामुळे शिसवी वाटू शकतं, एवढंच. पायाच्या तळाला, जिथे कधी पॉलिश पोचलंच नाही, तिथे ते मधाच्या रंगाचं आहे आणि कापलेल्या टोकावर वर्षांच्या वलयांच्या रेषेत भोकं दाट दिसतात. पॉलिशही मूळचं आहे. बैठकीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला कापसाच्या काडीने थेंबभर स्पिरिट लावलं, अर्ध्या मिनिटात ते चिकट झालं आणि काडी तपकिरी निघाली. लाख स्पिरिटात विरघळते. आजकालचं मेलामाइनचं पॉलिश ढिम्म राहतं.

आणि मग ती पेन्सिल. उजव्या खुर्चीची बैठक वर केली तेव्हा मागच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं निघालं : "२ उ. मा." दोन नंबरची खुर्ची, उजवा, मागचा पाय. शेजारी पटाशीने मारलेल्या दोन रेघा, पायावरही दोन रेघा. कुठली चूल (लाकडाचं पुढे काढलेलं टोक) कुठल्या सालीत (ते बसायच्या खाचेत) बसवायची ते जुळवताना घोटाळा होऊ नये म्हणून मिस्त्री अशा खुणा करतात. देवनागरीत आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाने ही खुर्ची जोडली. कंपनीच्या शिक्क्यापेक्षा मला ही अक्षरं जास्त मोलाची वाटतात. तुमच्या खुर्चीला शिक्का नसेल, सही आहे.

ताई, शेवटचा पुरावा तुमच्याच माळ्यावर होता. मी सहज विचारलं, आजोबा हिशेब लिहायचे का? तुम्ही त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या काढल्यात. नोव्हेंबर १९५५ च्या पानावर : "सुतार, खुर्च्या २, रु. ६४–८–०." रुपये, आणे, पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, म्हणजे आण्यांतली ही नोंद त्या काळाशी जुळते. तेव्हा इंदूर मध्यभारत राज्याची उन्हाळी राजधानी होतं, अधिकाऱ्यांचे बंगले सजत होते, आणि सुतार मासिकातली चित्रं बघून साहेबी घडणीच्या खुर्च्या करून देत होते. आजोबांनी तशीच एक जोडी आपल्या घरासाठी करून घेतली. खुर्च्यांची खरी हकिगत ही आहे, आणि ती माणिकबागेहून किंवा चंदीगढहून कमी आहे असं मला वाटत नाही.

टेबलाबद्दल थोडक्यात. खणांचे कोपरे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दातांनी जोडलेत, दात कमीजास्त रुंदीचे आहेत, म्हणजे हातकरवतीचे. वरचा सनमायका मागाहून चिकटवलाय, कडेला जुनं पॉलिश त्याच्या खाली गेलेलं दिसतं. तो ओढून काढायला जाऊ नका, खालचं लाकूड सोलून निघेल. आहे तसं विका. खणात अंथरलेला १९६८ च्या वर्तमानपत्राचा कागद तारखेचा पुरावा धरू नका, कागद कधीही बदलता येतो.

विकताना मजकूर असा लिहा : "सागवानी बुटक्या आरामखुर्च्यांची जोडी. इंदूर, १९५५, स्थानिक सुतारकाम, उत्पादकाचा शिक्का नाही. घरच्या हिशेबवहीत नोंद, प्रत पाहायला मिळेल. हाताने विणलेला वेत, एका बैठकीत तीन पट्ट्या तुटलेल्या. मूळ लाखेचं पॉलिश, हातांवर झिजलेलं. एका खुर्चीचा मागचा पाय हलतो. एक पेच नंतर बदललेला. बैठकीची उंची १५ इंच, रुंदी २४ इंच." यात 'चंदीगढ' हा शब्द 'शैली' जोडूनही घालू नका. तो वाचून येणारं गिऱ्हाईक वस्तू बघून निराश होतं आणि भाव पाडतं. तुमच्या मजकुराने येणारं गिऱ्हाईक आधीच निम्मं तयार होऊन येतं.

फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. समोरून, बाजूने, मागून, उलटी करून, सांध्याचा जवळून, पेन्सिलीच्या अक्षरांचा जवळून, आणि तुटलेल्या वेताचाही. वही मूळ देऊ नका, त्या पानाचा स्वच्छ फोटो द्या. साफसफाई म्हणजे कोरडं मऊ फडकं, फार तर घट्ट पिळलेलं ओलं. सैल वेताला खालून ओलं फडकं फिरवून सावलीत वाळवलं की तो थोडा ताणला जातो.

भावाचं म्हणाल तर दलालाचे ९ हजार फार कमी आहेत. त्यालाही गोदाम, वाहतूक, दुरुस्ती असते, त्याने नफा घ्यावाच. पण या पुराव्यासकट जोडी मी स्वतः ३५ हजारांच्या खाली सोडली नसती. मोबाइलवर दिसतात ते बहुतेक मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत. लिलावगृहं झालेल्या विक्रीचे आकडे जाहीर करतात, तेच वाचा. मुंबईत ओशिवरा-जोगेश्वरीकडे जुन्या फर्निचरची मोठी बाजारपेठ आहे, तिथल्या दोन-तीन दुकानदारांना हेच फोटो आणि हाच मजकूर पाठवून किंमत विचारा. आणि जोडी तोडू नका. एकटी खुर्ची जोडीच्या निम्म्याहून कमी भावाला जाते.

प्रश्न : घरी वर्तुळाकार शिसवी टेबल आहे, साधारण १९६० चं असं वडील सांगायचे. खरंच जुनं आहे का हे कसं ओळखावं? मुलगा लंडनला आहे, त्याच्याकडे पाठवता येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दादा, आधी टेप घ्या. टेबलाचा व्यास लाकडाच्या रेषांच्या दिशेने मोजा, मग रेषांना आडवा मोजा. लाकूड आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. अखंड फळ्यांचं जुनं गोल टेबल म्हणूनच किंचित अंडाकृती झालेलं असतं, काही मिलिमीटरांनी का होईना. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर वरचा भाग प्लायवर चिकटवलेला असेल, किंवा टेबल वाटतं तितकं जुनं नसेल.

मग खाली शिरून टॉर्च लावा. पॉलिश न केलेलं लाकूड हवेने आपोआप काळवंडतं, आणि सांध्याच्या आत जिथे हवा पोचत नाही तिथे फिकट राहतं. सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसला तर कुणीतरी तो चढवलाय असं समजा. शिसम आणि शिसवी यात गल्लत होते. शिसवी जास्त जड, जांभळट झाक असलेली, शिसम सोनेरी-तपकिरी. लाकडात बारीक भोकं असतील तर टेबलावर थापटी मारून खाली पांढरा कागद धरा. ताजा पिवळा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, आधी औषध.

परदेशी पाठवण्याचं जरा सांभाळून. शिसम, शिसवी ही एकाच वंशातली (डालबर्जिया) झाडं, आणि तो जवळजवळ अख्खा वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स या, दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. टेबलासारखी वजनदार वस्तू कागदपत्रांशिवाय पाठवली तर ती अडते. आधी अनुभवी निर्यात एजंटकडून कागद करून घ्या, मग पेटी बांधा. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात मर्यादा १०० वर्षांची आहे, तेव्हा १९६० च्या टेबलाला त्याची अडचण नाही. (चंदीगढचं वारसा-सामान देशाबाहेर नेऊ नये असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये काढलेला आहे. ज्यांच्या घरी खरोखर ते असेल त्यांनी हेही लक्षात ठेवावं.)

प्रश्न : सागवानी पलंगाची जाहिरात टाकली. तासाभरात एकाने न बघता, घासाघीस न करता पूर्ण किंमत कबूल केली आणि क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतो. काय करू?
— एक वाचक, देवास

उत्तर : स्कॅन करू नका, आणि त्या माणसाशी बोलणं थांबवा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. जुनं लाकूड घेणारा खरा माणूस खोदून खोदून विचारतो, खालचे फोटो मागतो, भावात ताणतो. न विचारता हो म्हणणारा आला की सावध व्हा.

खरं गिऱ्हाईक मिळालं की आधी पैसे खात्यात आलेले बघा, मग साध्या कागदावर पावती करा : वस्तू, माप, दोष, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पलंग सोडवताना प्रत्येक सांध्यावर खडूने आकडा घाला आणि सोडवण्याआधी फोटो काढा. पेच आणि बोल्ट एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी डोक्याकडच्या फळीलाच बांधून द्या. टेम्पोत पिशवी वेगळी ठेवली की ती हरवते, आणि जुन्या मापाचा बोल्ट इंदूरच्या सियागंज बाजारात दिवसभर फिरूनही मिळत नाही.